हेझलचा खोडवा: रानातील हिवाळी तोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या दक्षिणेकडील हॅम्पशर परगण्यात एका छोट्या रानाची देखभाल आमचा स्वयंसेवक गट करतो. गटात काही मराठी माणसे असल्यामुळे येथील मराठी कुटुंबांकडून आणि गावाकडच्या नातेवाइकांकडून बरेच प्रश्न येतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कायद्याविषयीची माहिती इंग्लंडपुरती आहे; स्कॉटलंड व वेल्समध्ये नियम वेगळे असू शकतात.

१. तुम्ही रानात नेमके काय करता? ‘कॉपिसिंग’ म्हणजे काय?

ज्यांनी उसाचा खोडवा पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ऊस तोडल्यावर जमिनीतल्या बुडख्याला जसे नवे फुटवे येतात, तसेच हेझलचे (ज्याला हेझलनट लागतात ते) झाड हिवाळ्यात जमिनीलगत कापले की वसंतात त्याच्या बुडातील सुप्त डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी दहा-वीस सरळ धुमारे उभे राहतात. काही वर्षांनी ते काठीएवढे जाड झाले की पुन्हा कापायचे, आणि हा क्रम चालू ठेवायचा. अशा झाडाच्या जमिनीलगतच्या जिवंत बुडाला आम्ही मराठीत बोलताना ‘ठोंब’ म्हणतो आणि या पानावरही तोच शब्द वापरला आहे.

खोडव्याशी तुलना एका ठिकाणी मात्र तुटते. उसाचा खोडवा दोन-तीन पिकांनंतर उतरणीला लागतो. हेझलचे उलट आहे. न तोडलेले झाड साधारण ८० वर्षे जगते, तर नियमित तोडलेला ठोंब काही शतके टिकतो.

२. झाडे तोडून रान कसे वाचते? हे तर उलटेच वाटते.

सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि तो रास्त आहे. भारतात ‘झाडे वाचवा’ ऐकत वाढलेल्या माणसाला हातात करवत घेऊन निसर्गसेवा करणारे लोक पाहून धक्का बसणारच.

या कामात आम्ही लाकडापेक्षा उजेडाची व्यवस्था पाहतो, असे म्हटले तर ते अधिक खरे ठरेल. दाट वाढलेल्या हेझलखाली उन्हाळ्यात एवढा काळोख असतो की जमिनीवर सुकलेल्या पानांखेरीज फारसे काही दिसत नाही. एक तुकडा तोडला की तेथे ऊन थेट मातीपर्यंत पोहोचते. पहिल्या वसंतात तो भाग उजाड आणि थोडा केविलवाणा दिसतो, आणि नेमक्या त्याच वेळी फिरायला येणारे लोक आम्हांला जाब विचारतात. दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात तेथे प्रिमरोज, वुड ॲनिमोन, व्हायोलेट आणि ब्लूबेल अशा काही फुलतात की तेच लोक कॅमेरे घेऊन येतात. व्हायोलेटवर पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरी या केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. ही जात नव्याने तोडलेल्या उन्हाळ तुकड्यांच्या मागोमाग सरकत जाते, म्हणून तिला पूर्वी ‘लाकूडतोड्याची सोबतीण’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. पुढे पाचव्या-सहाव्या वर्षी जाळी दाटली की नाइटिंगेल पक्ष्याला घरट्यासाठी हवी तशी गचपण तयार होते, आणि नंतर पुन्हा काळोख पडतो.

म्हणूनच संपूर्ण रान एकदम कधीही तोडायचे नसते. दर वर्षी एकच तुकडा घेतला की रानात एकाच वेळी उघडा भाग, फुलांचा भाग, जाळीचा भाग आणि काळोखी भाग असे सगळे शेजारी शेजारी नांदतात. तोड थांबली तर सगळे रान एकाच वयाचे आणि एकाच सावलीचे होते. कोळसा व रेल्वे आल्यावर सरपणाची आणि नंतर तार व प्लॅस्टिक आल्यावर काठ्यांची मागणी संपली, तेव्हा इंग्लंडमधील बहुतेक रानांचे तसेच झाले.

३. ही पद्धत किती जुनी आहे?

सॉमरसेटच्या पाणथळ प्रदेशात ‘स्वीट ट्रॅक’ नावाची लाकडी पायवाट सापडली आहे. तिच्या लाकडातील वर्षवलयांवरून ती इ.स.पू. ३८०७ किंवा ३८०६ मध्ये बांधली गेली असे ठरले, आणि तिच्यासाठी वापरलेल्या काठ्यांमध्ये तोडून वाढवलेल्या हेझलच्या काठ्याही आहेत. सफोकमधील ब्रॅडफिल्ड वुड्स हे रान १२५२ पासून याच पद्धतीने राखले जात असल्याची नोंद आहे. राजा आठव्या हेन्रीच्या काळात, १५४३ मध्ये, कायद्याने असेही ठरवले गेले की तोड करताना दर एकरी किमान १२ मोठी झाडे, मुख्यतः ओक, जहाजे व घरांच्या तुळयांसाठी उभी ठेवावीत. खाली हेझल आणि वर विरळ ओक अशी जी रचना आजही दिसते तिची घडण अशी झाली.

४. काम वर्षभर चालते का? दर वर्षी तीच झाडे तोडता का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तोड पानगळीनंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते आणि फेब्रुवारी संपताना थांबते, कारण मार्चपासून पक्षी घरटी बांधू लागतात आणि झाडात रसही चढू लागतो. पानांसकट तोडले तर ठोंबाचा साठवलेला जोर वाया जातो. उन्हाळ्यात आम्ही पायवाटा, फाटके, चर आणि फुलपाखरांची मोजणी ही कामे करतो.

एकदा तोडलेल्या तुकड्याची पाळी सात ते दहा वर्षांनी पुन्हा येते. या तुकड्याला इंग्लंडमध्ये परगण्यागणिक निरनिराळी नावे आहेत. आपल्याकडे वनखात्याच्या भाषेत ज्याला ‘कूप’ म्हणतात तेच हे. आमचा कूप साधारण अर्ध्या एकराचा असतो, आणि लागोपाठच्या वर्षी शेजारचा कूप आम्ही घेत नाही. त्याचे कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

५. पहिल्यांदा येताना काय घेऊन यावे?

घोट्याच्या वरपर्यंत येणारे मजबूत बूट, फाटले तरी वाईट वाटणार नाही अशी जाड पँट, पावसाचे जाकीट आणि डबा. कपड्यांचे दोन-तीन थर घालावेत, कारण करवत हातात आल्यावर दहा मिनिटांत स्वेटर निघतो आणि चहाला बसल्यावर लगेच पुन्हा चढतो. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. थंडीच्या दिवसांतही गोचीड अंगावर चढू शकते व तिच्यापासून लाइम रोगाचा धोका असतो, त्यामुळे घरी गेल्यावर गुडघ्यांमागे व कमरेशी नीट पाहावे. अवजारे, हातमोजे आणि शिरस्त्राणे गटाकडे आहेत. जोराचा वारा सुटेल त्या दिवशी काम रद्द होते. पाऊस मात्र रद्द करण्याचे कारण समजले जात नाही.

६. गावी कोयता चालवला आहे. येथे लगेच चालवायला मिळेल का?

येथील बिलहुक आपल्या कोयत्याचा सख्खा भाऊ शोभेल असा असतो: आखूड मूठ, रुंद पाते आणि टोकाला आत वळलेली चोच. तरीही पहिल्या दिवशी प्रत्येकाला हातकरवत आणि लांब दांड्याची कात्रीच मिळते. कोयता जाणकारासमोर चालवून दाखवल्यावर दिला जातो, आणि तो चालवताना दोन नियम कटाक्षाने पाळावे लागतात. पहिला, कोयता धरलेल्या हातात मोजा घालायचा नाही, कारण ओल्या मोज्यातून मूठ निसटते. मोजा फक्त काठी धरणाऱ्या हाताला. दुसरा, दोन माणसांमध्ये हात आणि अवजार मिळून होईल त्याच्या दुपटीहून अधिक अंतर ठेवायचे. यांत्रिक करवत केवळ रीतसर प्रशिक्षण व प्रमाणपत्र असलेलेच चालवतात आणि त्या दिवशी इतरांना त्या भागात प्रवेश नसतो.

७. ठोंब कापण्याची योग्य पद्धत कोणती?

या उत्तराला थोडी जागा लागेल, कारण पुढील दहा वर्षांचे भवितव्य या एका कापावर असते.

प्रथम ठोंबाभोवती एक फेरी मारावी आणि कोणत्या काठ्या कोणत्या बाजूला झुकल्या आहेत ते पाहावे. मधल्या काठ्यांना आधी हात घालण्याचा मोह होतो, पण बाहेरच्या काढल्याशिवाय करवत आत नीट फिरत नाही. जास्त झुकलेली काठी एका दमात वरून कापली तर ती अर्ध्यावर असतानाच चिरत ठोंबापर्यंत जाते. म्हणून तिला आधी खालच्या अंगाने थोडा छेद द्यावा आणि मगच वरून कापावे. ज्यांना कोयता येतो ते बारीक काठीवर खालून वर तिरका घाव घालतात, त्यामुळे ठोंबाकडचा भाग फाटत नाही. काठ्या निघाल्यावर उरलेले खुंट जमिनीपासून चार-पाच बोटांवर आणावेत आणि प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला उतरता ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी ठोंबाच्या मध्यात न साचता बाहेर निघून जाते. साल कोठेही सोललेली राहता कामा नये, कारण नवे डोळे सालीच्या आतूनच फुटतात.

पहिल्या हिवाळ्यात पाठ वाकवायचा कंटाळा म्हणून मी एक अख्खी रांग गुडघ्याएवढ्या उंचीवर कापली होती. धुमारे आले, भरपूर आले, पण ते वर हवेत, जुन्या खुंटाच्या कडेला चिकटलेले होते, आणि तिसऱ्या वर्षीच्या वाऱ्यात त्यांतले अनेक बुडापासून उचकटले. जमिनीलगत फुटलेला धुमारा पुढे स्वतःच्या मुळ्यांचा आधार घेतो. उंचावर फुटलेला नुसता लोंबकळतो. ती रांग नव्या लोकांना दाखवण्यासाठी अजून उपयोगी पडते.

८. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना आणि मुलांना आणता येईल का?

मुलांना पालकांसोबत आणता येते. धारदार अवजार देण्याचा निर्णय वय व समज पाहून घेतला जातो, मात्र काटक्या ओढण्याचे काम सर्वांना पुरून उरते.

आई-बाबांच्या बाबतीत व्हिसाचा मुद्दा येतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, परंतु तो भेटीचा मुख्य हेतू नसावा. विद्यार्थी व्हिसावर स्वयंसेवा आणि बिनपगारी नोकरी यांत कायदा फरक करतो, आणि दुसरी गोष्ट कामाच्या तासांच्या मर्यादेत मोजली जाते. आमचे काम ठरलेल्या वेळेचे बंधन नसलेले असल्यामुळे पहिल्या प्रकारात बसते. नियम बदलत असतात, म्हणून येण्याआधी सरकारी संकेतस्थळावर खात्री करावी. एक निरीक्षण मात्र नोंदवण्याजोगे आहे: ज्यांचे आयुष्य शेतीत गेले आहे असे पाहुणे पहिल्याच तासात इतरांपेक्षा नीटस मोळी बांधतात आणि आम्हांला गाठ शिकवून जातात.

९. तोडलेल्या लाकडाचे पुढे काय होते? घरी नेता येते का?

सरळ लांब काठ्या परसबागेत वेलींच्या आधारासाठी जातात आणि फांदीदार शेंडे मटारच्या वेलांसाठी. उभ्या चिरलेल्या काठ्यांचे तुकडे पिळून केसांत खोवायच्या आकड्यासारखे वाकवले की गवती छपरे शाकारणारे कारागीर ते वापरतात. जाड लाकडाचा कोळसा होतो.

सर्वांत देखणी वस्तू म्हणजे हेझलची ताटी. कोकणातला कूड किंवा कारवीच्या काठ्यांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती ओळखीची वाटेल. सहा फुटी ताटीला सहसा दहा उभ्या काठ्या असतात, त्या किंचित वक्र अशा लाकडी ओंडक्याच्या भोकांत रोवतात आणि चिरलेल्या काठ्या त्यांच्यामधून आडव्या विणतात. कडेला पोहोचल्यावर काठी नुसती वाकवली तर मोडते. म्हणून ती आधी दोरासारखी पिळतात, तंतू सुटे होतात, आणि मग ती शेवटच्या उभ्या काठीला वळसा घालून परत फिरते. पिळताना हातात येणारा तो बारीक कडकड आवाज आणि ओल्या सालीचा वास यांसाठी काही जण केवळ ताटीच्या दिवशी येतात. ओंडक्याच्या वक्रतेमुळे सुकल्यावर ताटी ताणली जाऊन घट्ट बसते.

स्वयंसेवकाला दिवसाकाठी एक मोळी घरी नेता येते. बारीक फांद्या रानातच ढीग करून ठेवतात. त्या जाळण्याचे आम्ही शक्यतो टाळतो, कारण आगीखालची माती आणि तिच्यातील बिया भाजून निघतात. फांद्यांच्या आणखी एका उपयोगासाठी प्रश्न १० पाहावा.

१०. तोडल्यावर नवे धुमारे आलेच नाहीत, किंवा आले आणि नाहीसे झाले. असे का होते?

बहुतेक वेळा उत्तर ‘हरणे’ हे असते. रो, फॅलो आणि चीनमधून आणलेले बुटके मुंटजॅक हे तिन्ही कोवळ्या धुमाऱ्यांवर तुटून पडतात. ठोंब पुन्हा फुटतो, पुन्हा खाल्ला जातो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचा साठा संपून तो मरतो. कुंपणाशिवाय तोड करणे म्हणजे हरणांना ताट वाढून ठेवणे होय, असे आता बहुतेक जाणकार मानतात. उंच जाळीचे कुंपण हा खात्रीचा पण महाग उपाय आहे. आम्ही कूपाभोवती दोन ओळींत खुंट्या रोवून मध्ये बारीक फांद्या दाबून भरतो; आपल्याकडे शेताला काट्याकुट्यांचे कुंपण घालतात त्याच जातीचे हे काम आहे. एकेका ठोंबावर फांद्यांची टोपली उपडी घातल्यासारखे आच्छादनही करतो, पण त्याचा भरवसा कमी.

हरणे नसतील तर सावली तपासावी. वरच्या ओकची छत्री दाट असेल तर हेझल फुटूनही कुढत राहते.

११. डोरमाउस असलेल्या रानात तोड करणे योग्य आहे का?

हेझल डोरमाउस हा सोनेरी रंगाचा, झुपकेदार शेपटीचा आणि उन्हाळ्यात वीस ग्रॅमच्या आसपास वजनाचा प्राणी आहे. त्याला कायद्याने कडक संरक्षण आहे. परवान्याशिवाय त्याला हाताळता येत नाही, त्रास देता येत नाही किंवा त्याच्या विश्रांतीच्या जागा मोडता येत नाहीत. तोडीमुळे त्याला हव्या त्या गोष्टी मिळतात, म्हणजे फळणारी हेझल, हनीसकलचे वेल, ब्रॅम्बलची जाळी. परंतु अडचण अशी की तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीवर, अनेकदा ठोंबाच्या बुडाशी पानांखाली झोपलेला असतो, आणि आमचा तोडीचा हंगामही तोच.

यावर उपाय म्हणजे कूप लहान ठेवणे, शेजारचे दोन कूप लागोपाठ न तोडणे, ठोंबांमधील पाचोळा न उकरणे आणि ये-जा ठरलेल्या पायवाटांनीच करणे. हा प्राणी जमिनीवर उतरणे टाळतो व फांद्यांवरून फिरतो, म्हणून तोडलेल्या भागाच्या कडेने उभ्या झाडांची सलग वाट राखली जाते.

त्याचा वावर आहे की नाही हे शरद ऋतूत खाली पडलेल्या हेझलनटच्या कवचांवरून कळते. खारीने खाल्लेले कवच सरळ दोन भागांत फुटलेले असते. उंदराने पाडलेल्या भोकाच्या कडेवर दातांचे आडवे ओरखडे असतात. डोरमाउसचे भोक मात्र सुताराने आतून घासून काढल्यासारखे गोल व गुळगुळीत असते, आणि दातांच्या तिरक्या खुणा भोकाभोवती कवचाच्या बाहेरच्या अंगावर दिसतात. तळहातावर घेऊन भिंगातून पाहावे.

१२. तोडीसाठी परवाना लागतो का?

इंग्लंडमध्ये १९६७ च्या फॉरेस्ट्री ॲक्टनुसार झाडे तोडण्यास सामान्यतः परवाना लागतो. कॉपिसच्या बाबतीत जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर १५ सेंटिमीटरपर्यंत जाडी असलेल्या खोडांना सूट आहे, त्यामुळे नियमित पाळीने होणारी हेझलची तोड सहसा परवान्याशिवाय करता येते. याशिवाय मालकाला दर तिमाहीत ५ घनमीटरपर्यंत लाकूड तोडता येते, पण त्यांतले २ घनमीटरपेक्षा अधिक विकता येत नाही. रान संरक्षित वैज्ञानिक क्षेत्रात येत असेल, त्यातील झाडांवर स्थानिक परिषदेचा संरक्षण आदेश असेल किंवा तेथे संरक्षित प्राणी असतील, तर या सवलतींवर विसंबून राहता येत नाही आणि संबंधित कार्यालयाची वेगळी संमती घ्यावी लागते.

१३. आमच्याजवळच्या रानातील हेझल कित्येक दशके तोडलेली नाही. आता तोडली तर फुटेल का?

बहुधा फुटेल, पण हमी नाही. अशा ठोंबांची खोडे जाड, आडवी आणि वेडीवाकडी झालेली असतात व त्यांच्यात जोर कमी उरलेला असतो. आधी थोड्याच ठोंबांवर प्रयोग करावा, काप नेहमीपेक्षा जरा उंच ठेवावा, वरची सावली आवश्यक तेवढी विरळ करावी आणि हरणांपासून संरक्षण आधी उभारावे. मेलेल्या ठोंबांच्या जागा भरण्यासाठी रोपे आणण्यापेक्षा शेजारच्या ठोंबाची एक लांब काठी वाकवून, खालच्या बाजूने किंचित छेद देऊन मातीत दाबावी. आपल्याकडच्या बागाईतदारांचे दाब कलम ते हेच. मुळ्या धरल्यावर ती आईपासून तोडता येते.

१४. ओक आणि ॲशचीही तोड करता का?

ओक क्वचितच, आणि तोही केवळ हेझलवर सावली फार झाली तर. ॲशची गोष्ट दुःखाची आहे. ॲश डायबॅक हा बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये प्रथम निश्चित झाला, आणि बाधित झाडांचे लाकूड ठिसूळ होऊन फांद्या अचानक तुटतात. पायवाटांलगतची अशी झाडे प्रशिक्षित कामगार उतरवतात. स्वयंसेवक त्यांच्याखाली काम करत नाहीत. आतल्या भागातील झाडे तशीच उभी ठेवतात, कारण मेलेल्या लाकडावर भुंगेरे व सुतार पक्षी जगतात आणि काही झाडे रोगाला दाद न देता तगतातही.

१५. रानातील हेझलनट वेचून खाता येतात का?

स्वतःपुरती, विक्रीसाठी नव्हे अशी रानफळे वेचणे इंग्लंडमध्ये चोरी ठरत नाही. पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतेही रानरोप मुळासकट उपटणे गुन्हा आहे. प्रत्यक्षात खाण्याचा प्रश्न क्वचितच येतो, कारण उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी फळ पिकण्याआधीच फस्त करतात.

१६. महाराष्ट्रात असे काही करता येईल का?

हेझल महाराष्ट्रात होत नाही. भारतात तिची भाऊबंद हिमाचलच्या उंच दऱ्यांत ‘थांगी’ या नावाने ओळखली जाते. पद्धत मात्र आपल्याला परकी नाही. सागाच्या खुंटाला जोमदार धुमारे येतात हे प्रत्येक वनरक्षकाला माहीत असते आणि ब्रिटिश काळापासून भारतातील वनव्यवस्थापनात ही पद्धत वापरली गेली आहे. कोकणात राबासाठी ऐन-किंजळीची कवळतोड करतात, ती वरच्या फांद्यांची असली तरी तिच्यामागेही झाड पुन्हा फुटते हाच भरवसा असतो. परंतु येथील फुलपाखरे आणि फुले हजारो वर्षांच्या तोडीला सरावलेली आहेत, तशी सह्याद्रीच्या सदाहरित रानातील किंवा देवराईतील जीवसृष्टी नाही. तेथे हा अनुभव जसाच्या तसा नेऊ नये.

१७. म्हणजे ब्रिटनमधील हेझलचे प्रत्येक रान तोडावे का?

नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर अटलांटिक हेझलची राने आहेत. तेथील झाडांनाही एका बुडातून अनेक खोडे असतात, त्यामुळे ती पूर्वी तोडलेली असावीत असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात हेझल आपणहूनच अशी वाढते आणि जुने खोड वठले की बुडातून नवे काढते. तेथील ओलसर हवेत जुन्या सालीवर दुर्मीळ दगडफुलांचे थर असतात आणि मेलेल्या फांद्यांवर ‘हेझल ग्लव्हज’ नावाची, रबरी हातमोज्याच्या बोटांसारखी बुरशी उगवते. एकसाथ तोड केली तर ती साल आणि तिच्यावर जगणारे सर्व काही एकाच हिवाळ्यात जाते, आणि धुमाऱ्यांवर ते परत यायला फार मोठा काळ लागतो. आपल्या रानाबद्दल शंका असेल तर तोडीपूर्वी दगडफुलांच्या जाणकाराला एकदा सालीवरून नजर फिरवायला बोलवावे.